तारेचा ताणा

नवी पेठेतला दुकानदार म्हणाला,
सोलापुरात कोण घेतं हो हे,
आणि हसला,
जसं काही मी मिठागरात जाऊन
मीठ विकत मागत होते.

दोनच होती त्याच्याकडे.
एक गुलाबी, स्वस्त, कुठलाच शिक्का नसलेलं,
बटणापाशी वायर आत्ताच मऊ पडलेली.
दुसरं राखाडी. दुप्पट दाम.
जास्त तापलं की आपलं आपण बंद होणारं.
राखाडी घेतलं.
पावती पर्सच्या आतल्या कप्प्यात.

एक्केचाळीस वर्षं अक्कलकोट रोडला
ज्या माणसानं चादरी विणल्या
त्याच्या घरात मी पांघरूण नेत होते
पानिपतहून आलेलं.

पांघरूण नाही हो नान्ना, अंथरूण.
गादीवर घालायचं, वर बेडशीट.

नान्ना बोलले नाहीत.
चष्मा लावला. काठ उलटला,
जसा परत आलेला माल उलटायचे,
आणि अंगठा आडवा फिरवत गेले,
थांबत,
पुन्हा मागे येत.
"हा ताणा सुताचा नाही."

तार होती. नागमोडी.
"तुटला तर?"
तुटला तर फेकून द्यायचं, मी म्हणाले,
गाठ मारायची नाही, उसवून बघायचं नाही,
श्रीहरी वायरमनलासुद्धा दाखवायचं नाही.
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
एवढं महाग कापड
आणि त्याला गाठ चालत नाही.

मग मी कागद वाचत बसले
आणि ते ऐकत बसले.
टाचणी लावू नका. ओलं असताना लावू नका.
घडी घालून वापरू नका.
घडीवर त्यांनी मला थांबवलं, पुन्हा वाच म्हणाले.
हयातभर त्यांनी घड्याच घातल्या होत्या,
चार पदरी, काठाला काठ,
डझनाच्या गठ्ठ्यात.

पुढची ओळ बारीक अक्षरात होती.
ज्यांना उष्णता जाणवत नाही, अशांनी...
तिथं माझा आवाज गेला.

अम्मा उंबऱ्यात, मांडीवर सूप,
तेंडूच्या पानात तंबाखू भरत होती.
गेल्या दिवाळीत अंगणात
विझलेल्या फुलबाजीच्या तारेवर तिचा पाय पडला.
ती तशीच उभी राहून
शेजारच्या बिराजदार मावशींशी बोलत होती.
वास आम्हाला आला.
तिला नाही.

साखरेनं तळवे कधीच नेले तिचे.
आणि मी तिच्याचसाठी घेतलं होतं,
रात्रभर पाय गार पडतात म्हणते म्हणून.

उद्या परत करते, मी म्हणाले.
नान्नांनी कागद माझ्या हातातून घेतला,
उलटा सुलटा पाहिला,
त्यांना वाचता येत नव्हता तरी.
"ती असताना चालवायचंच नाही.
गादी तापवू. बंद करू. मग ती."

तेव्हापासून रात्री नऊला
ते स्टूल ओढून पलंगाशी बसतात.
मनगटावर मिलमधून मिळालेलं घड्याळ.
वीस मिनिटं. या वीस मिनिटांत
मोबाइल नाही, बातम्या नाहीत,
मांजर पलंगावर चढलं तर त्याला हाकलायचं
आणि पुन्हा बसायचं.
चालू मागापाशी उभं राहावं
तसं कान देऊन.

मग बटण. मग प्लगसुद्धा.
मग उजवा तळवा बेडशीटवर सपाट,
उशापासून पायथ्यापर्यंत,
कुठं एका जागी जास्त नाही ना.
त्यांच्या तळव्याला अजून कळतं.

तेवढं झालं की हाक, "रा."
ती येते, गुडघे धरत, आडवी होते.
वरून त्यांची चादर,
त्यांच्या हातची, काठाला एक चूक असलेली,
मालकानं नाकारलेली.

पहिल्या रात्री
अम्मा जरा वेळ हलली नाही.
मग म्हणाली,
"इथं कोण झोपलं होतं?"

नान्ना वायर गुंडाळत होते.
सैल,
उरलेलं सूत हातावर घ्यावं तशी.